तोंडातली निरुपद्रवी गाठ आणि तिच्या भीतीचा इतिहास

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण तोंडातल्या गाठीचा इतिहास पाहणार आहोत.

निमित्त आहे हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याहून आलेला एका श्रोत्या ताईंचा मेसेज. त्यांच्या आईच्या गालाच्या आतल्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढी गाठ आहे. दुखत नाही, रक्त येत नाही, दोन वर्षांपासून आहे तशीच आहे. दातांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की हा फायब्रोमा दिसतोय, साधा आहे, काढून तपासून घेऊ. पण घरात दोन पक्ष पडले. एक म्हणतो काढून टाका. दुसरा म्हणतो, गाठीला लोखंड लावू नका, कापलं की ती पसरते. ताईंनी विचारलं होतं, "ही भीती आली कुठून? पूर्वीच्या लोकांना अशा गाठी होत नव्हत्या का?"

प्रश्न चांगला आहे, कारण या भीतीलाही इतिहास आहे. आणि तो समजून घेतला तर आज काय करायचं हेही बऱ्यापैकी उलगडतं.

गाठ म्हणजे नेमकं काय?

आधी ही गाठ समजून घेऊ. फावडं, विळा, बैलाचा कासरा रोज हातात असला की तळहाताला घट्टा पडतो. कातडीला सारखं घासलं जातं, म्हणून ती स्वतःला जाड करून घेते. तोंडातही साधारण तसंच होतं. दाताची कड तुटून धारदार झालेली असते, जेवताना एकाच जागी गाल चावला जातो, कवळी सैल होऊन हिरडीला घासते. तिथली आतली त्वचा दुरुस्तीसाठी तंतू तयार करते. घासणं थांबत नाही, म्हणून तंतूही साचत जातात आणि त्यांचा एक गुळगुळीत, फिकट गुलाबी, घट्टसर गोळा होतो. हाच फायब्रोमा. बहुतेक वेळा तो काही मिलिमीटरचा असतो, क्वचित सेंटिमीटरच्या पुढे जातो. याला ट्यूमर म्हणायची सवय पडली असली तरी खऱ्या अर्थाने तो ट्यूमर नाही, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. तो कर्करोगात बदलत नाही.

सैल कवळीच्या कडेला अशाच मांसाच्या घड्या येतात. गरोदरपणात काही बायकांच्या हिरडीवर लालभडक, पटकन रक्त येणारा कोंब येतो. तो जातीने थोडा वेगळा असतो आणि बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप आक्रसतो.

हे सगळं आज मी दोन मिनिटांत सांगतोय. पण हे कळायला माणसाला फार मोठा काळ लागला.

सुश्रुताने काय पाहिलं होतं

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत आणि ते जागेनुसार वाटले आहेत: ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि सगळ्या तोंडात पसरणारे ३. बेरीज करून बघा, बरोबर ६५ भरतात.

आपल्या कामाचे आहेत ते टाळूचे नऊ. त्यात 'तालुपुप्पुट' नावाचा एक आहे: न दुखणारा, आहे तसाच राहणारा, बोराएवढा. 'मांससंघात' नावाचा दुसरा, टाळूच्या आत वाढलेलं, न दुखणारं मांस. आणि तिसरा आहे 'अर्बुद'. गंमत बघा, पुढे उपचारांच्या अध्यायात पहिल्या दोघांवर शस्त्रकर्म सांगितलं आहे, आणि टाळूचं अर्बुद मात्र असाध्य रोगांच्या यादीत टाकलं आहे. वैद्याने त्याला हात लावला तरी ते बरं होणार नाही हे आधी सांगून टाकावं, असा त्याचा अर्थ.

इथे एक पथ्य पाळायला हवं. तालुपुप्पुट म्हणजेच आजचा फायब्रोमा, असं मी म्हणणार नाही. जुनं नाव आणि नवं नाव असं जोडीने बसवायला गेलं की गडबड होते. हिरड्यांच्या रोगांत 'अधिमांसक' आहे. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हीच ती मांसाची गाठ. पण वर्णन वाचलं तर ते शेवटच्या दाढेपाशी येणाऱ्या, खूप दुखणाऱ्या, लाळ गळायला लावणाऱ्या सुजेचं आहे. आज आपण ज्याला अक्कलदाढेची सूज म्हणतो त्याच्या ते जास्त जवळ जातं.

तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. तोंडात वाढणारं सगळं मांस सारखं नसतं, काही काढून माणूस बरा होतो आणि काही काढूनही होत नाही, हे त्या वैद्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे साधनं होती ती डोळे, बोटं आणि अनुभव. दुखतं की नाही, वाढतं की थांबलंय, मऊ की कठीण. आजचे डॉक्टरही तपासणीची सुरुवात याच प्रश्नांनी करतात. पण एवढ्यावर खात्री होत नाही, आणि खरी अडचण तिथेच होती.

हैदराबाद संस्थानातला क्लोरोफॉर्म

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. कुरुंदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. वसमतच्या वर हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, निजामाच्या पैशावर चालणारी ही फौज. १९०३ मध्ये ती वेगळी राहिली नाही, इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. म्हणजे बंदूक आणि पलटण या भागात लवकर पोचली होती. शस्त्रक्रियेची सोय मात्र गावापासून लांबच होती.

त्या काळात गाठ काढायची तर मोठी अडचण होती वेदनेची. यात एक योगायोग आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात इथरची भूल देऊन गाजलेली जाहीर शस्त्रक्रिया झाली. भूल देणारा विल्यम मॉर्टन हा दातांचा डॉक्टर होता, आणि शस्त्रक्रिया होती जबड्याखालच्या, मानेवरच्या गाठीची. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आला आणि तो हिंदुस्थानातही पोचला.

आणि त्या क्लोरोफॉर्मवरचा जगातला एक गाजलेला वाद आपल्या संस्थानाच्या राजधानीत लढला गेला. हैदराबादमध्ये एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन होते. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास बंद पडून, हृदय बंद पडून नाही, म्हणून श्वासावर लक्ष ठेवलं की धोका नाही, असं त्यांचं म्हणणं. हे सिद्ध करायला १८८८ मध्ये पहिलं 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राचा त्यावर विश्वास बसेना. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि लॅन्सेटने लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. १८८९ मध्ये दुसरं कमिशन झालं, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. या कामात रूपाबाई फर्दूनजी नावाच्या पारशी डॉक्टरबाईही होत्या. भूल देणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म हृदयही अचानक बंद पाडू शकतो, म्हणजे लॉरींचा निष्कर्ष चुकीचा होता.

हे सगळं सांगायचं कारण असं. तुरीच्या दाण्याएवढ्या, न दुखणाऱ्या गाठीसाठी कोण कशाला क्लोरोफॉर्म घेऊन जिवावर उदार होईल? आणि भुलीशिवाय तोंडात सुरी कोण घालू देईल? तेवढीच जागा बधिर करणारं औषध नंतर आलं: १८८४ मध्ये डोळ्यासाठी कोकेन, १९०५ च्या सुमारास नोव्होकेन, आणि आज दातांचे डॉक्टर जे सर्रास टोचतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. त्याआधी माणसं साहजिकच थांबायची. गाठ अगदी मोठी झाली, पिकली, चिघळली, खाणंपिणं बंद झालं, मगच शहराकडे निघायची.

आता भीतीचं मूळ बघा. जी गाठ साधी होती ती मोठी होत नसे, म्हणून ती माणसं सर्जनपर्यंत जातच नसत. ती गाठ घेऊनच म्हातारी व्हायची. जे जात, त्यांच्यातल्या पुष्कळांना खरा कर्करोग असे आणि तोही पुढच्या टप्प्यातला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली तरी काही महिन्यांत रोग परत उसळायचा आणि माणूस जायचा. गावाने काय पाहिलं? ज्यांनी कापलं नाही ती जगली, ज्यांनी कापलं ती गेली. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ती दोन्ही माणसं एकाच रोगाची नव्हती, आणि हे ओळखायची सोय गावात कुणाकडेच नव्हती. "लोखंड लावलं की पसरतं" हे वाक्य बहुधा अशाच अनुभवांतून घट्ट झालं असावं, असं मला वाटतं.

सूक्ष्मदर्शक आणि एका बादशहाचा घसा

ओळखायची सोय आली ती सूक्ष्मदर्शकाने. जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्को यांनी १८५८ मध्ये रोग पेशींमध्ये शोधायचा विचार मांडला आणि १८६० च्या दशकात गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला. जिवंत माणसाच्या गाठीचा तुकडा काढून तपासण्याला 'बायोप्सी' हे नाव फ्रान्सच्या बेनिए यांनी १८७९ मध्ये दिलं. तुकडा सडू नये म्हणून फॉर्मालिन वापरायची युक्ती १८९३ ची.

पण ही पद्धत सहज स्वीकारली गेली नाही. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या घशात १८८७ मध्ये गाठ आली. इंग्रज डॉक्टर मॅकेन्झी यांनी तुकडा काढला, खुद्द फिर्को यांनी तपासला आणि सांगितलं की यात कर्करोग दिसत नाही. मोठी शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक बादशहा झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला कर्करोगानेच गेला. म्हणजे हैदराबादेत लॉरींचं पहिलं कमिशन बसलं त्याच वर्षी. फिर्को यांनी जो तुकडा पाहिला त्यापुरतं ते बोलले होते. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की तपासणी करूनही माणूस गेला.

यातून डॉक्टर मंडळी एक धडा शिकली, तो आजही लागू आहे. गाठ लहान असेल तर नुसता टवका काढण्यापेक्षा ती पूर्ण काढून पूर्ण तपासावी. फायब्रोमाच्या बाबतीत नेमकं हेच करतात. काढणं हाच उपचार आणि काढणं हीच तपासणी.

एक डॉक्टर, तीन लाख माणसं

म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्ञान होतं, भूल होती, सूक्ष्मदर्शक होता. नव्हता तो डॉक्टर. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात एक आकडा आहे: देशात तीन लाख लोकांमागे एक शिकलेला दंतवैद्य. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं, टाटा मेमोरियल १९४१ चं. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघालं आणि सरकारी दंत महाविद्यालय थेट १९८२ मध्ये. कुरुंद्याहून ते दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आलं. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि हिंगोलीचं स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२४ मध्ये. ही साल नुसती वाचली तरी कळतं की आपल्या आज्या-पणज्या तोंडातल्या गाठीवर हळद लावून गप्प का बसायच्या.

हळदीचं निघालंच आहे तर सांगतो. वसमतचा हा पट्टा हळदीचा, हे कुरुंद्याच्या लोकांना मी काय सांगावं! जखमेवर हळद हे आपलं जुनंच ज्ञान. त्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं आणि भारताने पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. पण फायब्रोमा ही जखम नाही, घट्ट्यासारखे साचलेले तंतू आहेत. हळदीने, मधाने किंवा मिठाच्या गुळण्यांनी ते विरघळत नाहीत.

एक लाख तोंडं

आता महाराष्ट्रातली एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. अणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत दातांचे डॉक्टर! फली मेहता हे त्याचे प्रमुख. डेन्मार्कचे पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते. या लोकांनी रुग्णालयात रुग्ण येण्याची वाट पाहिली नाही, ते खेड्यांत गेले. आधी देशातल्या काही जिल्ह्यांत ५०,९१५ खेडुतांची तोंडं तपासली, तो अभ्यास १९६९ मध्ये छापला. मग पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची, तो १९७२ मध्ये आला. एक लाखाहून जास्त माणसांना 'आ करा' म्हणायचं! त्यातून तंबाखू, तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचं नातं आकड्यांत मांडता आलं.

माझ्या मते या कामाचं महत्त्व आपल्या विषयालाही आहे. तोंडातली धोक्याची चिन्हं उजेडात, साध्या डोळ्यांनी, आरशाच्या मदतीने गावातही दिसू शकतात, हे त्यातून पक्कं झालं. पोटातल्या रोगासारखं इथे नाही.

दोन सारखी नावं

आणि इथे एक सावधगिरी. याच काळात आणखी एका रोगाला नाव मिळालं. १९५२ मध्ये केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात श्वार्ट्झ यांनी तो पाहिला, आणि १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हटलं. यात गाठ येत नाही. गालाच्या आत पांढुरके, दोरीसारखे पट्टे येतात, तिखट लागलं की आग होते आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. भाकरीचा घास जाईना होतो. याचं मुख्य कारण सुपारी. म्हणजे गुटखा, खर्रा, मावा, सगळं आलं.

फायब्रोमा आणि फायब्रोसिस, दोन्हींत तंतूच. पण पहिला निरुपद्रवी आणि दुसरा कर्करोगाच्या वाटेवरचा. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण सुपारी काही गेली नाही. म्हणून डॉक्टरांनी 'फायब्रो' काहीतरी म्हटलं की पुढचं अक्षर नीट ऐका. 'मा' की 'सिस', हे विचारून घ्या. कागदावर लिहून घ्या.

मग करायचं काय?

इतिहासाचा कार्यक्रम असला तरी एवढं सांगितल्याशिवाय थांबवत नाही. मी डॉक्टर नाही, पण या बाबतीत सगळीकडे एकच सांगितलं जातं.

तोंडातली कुठलीही गाठ, जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा. गाठीवर जखम झाली, रक्त येऊ लागलं, ती भराभर वाढली, कडा टणक लागल्या, जीभ किंवा ओठ बधिर झाला, दात विनाकारण हलू लागला, मानेत गाठ आली, आजूबाजूला लाल किंवा पांढरा चट्टा दिसला, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याने तर नाहीच.

फायब्रोमा वाटत असेल तर तेवढीच जागा बधिर करून तो काढतात. थोडा वेळ लागतो, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखर असेल तर आधी सांगायचं. काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत तपासणीला गेला का, हे विचारायचं आणि रिपोर्ट घरी जपून ठेवायचा. आणि कारण काढायचं: धारदार दात घासून घ्यायचा, सैल कवळी बदलायची. घासणं तसंच राहिलं तर गाठ त्याच जागी पुन्हा येऊ शकते. मग शेजारीपाजारी म्हणणार, "बघा, कापलं आणि परत आली." ती पसरलेली नसते, नवा घट्टा पडलेला असतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना "तुम्ही अडाणी आहात" म्हणू नका, एवढी माझी विनंती आहे. त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. त्यांना सांगा की तेव्हा साधी गाठ कोणती आणि वाईट कोणती हे आधी कळत नव्हतं, आता कळतं. बाटलीतल्या त्या तुकड्यावरून कळतं. कुरुंद्याच्या ताई, तुमच्या आईंना भुलीची भीती वाटत असेल तर हैदराबादच्या रूपाबाईंची गोष्ट जरूर सांगा.

तुमच्या गावाकडे तोंडातल्या गाठीला काय म्हणतात आणि घरी काय इलाज करायचे, हे आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते वाचून दाखवू. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.